सहा पुरुष, साडेतेरा मीटर

विहिरीच्या तळाशी ऊन दिवसातून जेमतेम पाऊण तास येई. तेवढ्या वेळात म्हातारा आपली पाठ त्या उन्हात धरी आणि मग पुन्हा घण उचली. उरलेला दिवस सावलीत, ओलीत आणि दगडाच्या पिठात जाई. मुलगा पहार धरी, बाप घण घाली. धरणाऱ्याने घणाकडे पाहायचे नसते आणि घालणाऱ्याने धरणाऱ्याच्या बोटांकडे पाहायचे नसते. दोघांनीही नजर पहारीच्या डोक्यावर ठेवायची. दगड सुटला की तो घमेल्यात भरायचा, दोराला दोन झटके द्यायचे आणि भिंतीला चिकटून उभे राहायचे. वर रहाटाच्या एका दांड्याला म्हातारी असे, दुसऱ्याला सून. घमेले वर पोहोचेपर्यंत खालचे दोघे मान वर करीत नसत. वर पाहणाऱ्याच्या डोळ्यांत माती जाते, हे त्या घरात पोरवयापासून सर्वांना ठाऊक होते.

विहीर खणणे हा त्या घराचा पिढीजात धंदा. म्हाताऱ्याने स्वतः बेचाळीस विहिरी खणल्या होत्या आणि त्यांतली एकही त्याची नव्हती. त्याची स्वतःची जमीन म्हणजे मळेवाल्याच्या मळ्याला लागून असलेली एक अरुंद, कोरडी पट्टी. मळेवाल्याला विहीर हवी होती आणि या घराला पाणी. हिवाळा संपता संपता तीन साक्षीदारांसमोर तोंडी करार झाला. जागा मळेवाल्याची, पंप मळेवाल्याचा, खोदाई या घराची. विहीर सहा पुरुष खोल झाली की दर बुधवारी दिवसभराचे पाणी पट्टीला मिळायचे. म्हाताऱ्याला, त्याच्या मुलाला आणि पुढे जो कोणी ती पट्टी कसेल त्याला. अट एकच होती. तिसऱ्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी सहा पुरुष पुरे झाले पाहिजेत. झाले नाहीत, तर झालेली खोदाई मालकाची आणि बुधवारही मालकाचा.

पुरुष म्हणजे उभ्या माणसाने हात डोक्यावर ताणला असता टाचेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत भरते ते अंतर. या लोकांची रीत अशी की मोजणीचा दोर जपून ठेवायचा नाही. विहीर पुरी झाली की त्याच दिवशी नवा दोर घ्यायचा, माणसाने त्याच्या टोकावर टाच रोवून उभे राहायचे आणि बोटाच्या टोकाशी गाठ मारायची. जुना दोर ओलीने आखडतो, ओझ्याने वाढतो. "दोर खोटं बोलतो, अंग बोलत नाही," असे म्हातारा सांगे. चाळीस वर्षे या पंचक्रोशीत ते अंग त्याचे होते. दुसऱ्याने खणलेली विहीर मोजायलासुद्धा बहुधा त्यालाच बोलावणे येई.

करार झाला त्या दिवशी सून त्याला म्हणाली होती, "मामंजी, किती मीटर ते ठरवून घ्या. एका कागदावर लिहून घ्या." लग्नापूर्वी तिने दोन वर्षे रस्त्याच्या कामावर मोजणीच्या टेपचे टोक धरले होते. आकडे तिच्या तोंडी असत.

"मीटर कापडाला लाव," म्हातारा म्हणाला. "बेचाळीस विहिरींत कुणी माझ्या हाताला हरकत घेतली नाही."

"हरकत घेतली नाही, पण घेतली तर?"

"तर मी मेलो असं समज," असे म्हणून त्याने विषय संपवला होता.

महिना संपायला बारा दिवस उरले असताना म्हाताऱ्याने घण खाली ठेवला. त्याने तळावरून एकदा भिंतीकडे पाहिले, कुठेही काही लावून न पाहता मान हलवली आणि म्हणाला, "झाले सहा. मालकांना बोलाव."

मळेवाला आला तो एकटा आला नाही. त्याच्या मागे त्याचा एक गडी होता. गडी इतका उंच की त्याला सगळे ताडमाड म्हणत आणि तोही त्या हाकेला ओ देई. साक्षीदारांपैकी लोहार तेवढा आला होता. या घराच्या छिन्न्या आणि पहारी तोच तापवून, ठोकून धारेला लावून देत असे.

म्हातारा नवा दोर घेऊन काठावरच्या झाडाच्या खोडाशी गेला. त्याने दोराच्या टोकावर टाच रोवली, पाठ खोडाला लावली आणि उजवा हात वर केला. पाठ खोडाला लागली, पण खांदे लागले नाहीत. चाळीस वर्षे वाकून घण घातल्यावर ते लागणार नव्हतेच. कोपरही पुरते सरळ होईना. त्याने दात आवळून हात आणखी वर रेटला. मुलाने गाठ मारली.

मळेवाला हसला. "अरे, तू तर निम्मा उरलास की."

त्याचा बाप या म्हाताऱ्याला अहो-जाहो करी. हा आजवर 'तुम्ही'च म्हणत आला होता. काठावरच्या सर्वांनी तो बदल ऐकला आणि कोणी तो ऐकल्याचे दाखवले नाही.

सहा गाठींचा दोर दगड बांधून खाली सोडला. दगड तळाला टेकला तेव्हा सहावी गाठ काठाच्याही खाली, अडीच हात आत गेली होती. म्हणजे म्हाताऱ्याच्या आजच्या अंगाने मोजले, तर विहीर सहा पुरुषांहून बरीच खोल झाली होती.

"बघा," मुलगा म्हणाला, "जास्तच भरली."

"भरणारच. माप आखडलं तर विहीर वाढलेलीच दिसणार." मळेवाल्याने दोर पायाने बाजूला सारला. "हा काय पुरुष झाला? हा वाकलेला म्हातारा झाला. पुरुष म्हणजे सरळ, धडधाकट माणूस. ये रे."

ताडमाड खोडाशी जाऊन उभा राहिला. मळेवाल्याने स्वतः वाकून दोराचे टोक त्याच्या टाचेखाली सारले. "ताण हात. आणखी ताण." गाठ पडली. नव्या दोराला सहा गाठी झाल्या, दोर खाली सोडला, आणि दगड तळाला लागल्यावर सहावी गाठ काठाच्या वर, हवेत, माणसाच्या छातीइतकी उंच राहिली.

"एवढं राहिलंय," मळेवाला म्हणाला. "बारा दिवस आहेत. मी काही अडवलेलं नाही."

लोहार म्हणाला, "मालक, आजवर या म्हाताऱ्याचाच हात धरत आलोय आपण."

"तो हात राहिलाय कुठं? तूच सांग, वाकडी पहार तू सरळ म्हणून विकशील का?"

मळेवाला निघून गेला. म्हातारा खोडाशी तसाच उभा होता. म्हातारी जवळ गेली आणि तिने त्याचा वर राहिलेला हात धरून खाली आणला.

घरी चुलीपुढे बसून सुनेने कोळशाने फरशीवर आकडे मांडले. शिवणकामाच्या फितीने तिने दोन्ही दोर मोजले होते. म्हाताऱ्याची आजची गाठ दोन मीटर सहा सेंटीमीटरवर पडली होती. ताडमाडची दोन मीटर अठ्ठेचाळीसवर. तळापर्यंतची खोली तिने दोरावरच मोजून काढली: तेरा मीटर बावन्न. ताडमाडच्या सहा गाठी म्हणजे चौदा मीटर अठ्ठ्याऐंशी.

"एक मीटर छत्तीस खाली जायचं," ती म्हणाली. "विहिरीचा व्यास पाच मीटर. दगड होतो साधारण पावणेसत्तावीस घनमीटर. बहात्तर टन. तीस किलोचं घमेलं धरलं तर चोवीसशे घमेली."

"आता पाषाण लागलाय, दिवसाला आपली ऐंशी-नव्वद निघतात," मुलगा म्हणाला.

"म्हणजे महिना."

"आणि आहेत बारा दिवस." मुलगा उठून उभा राहिला, मग पुन्हा बसला. "हे त्याला माहीत नसेल?"

"माहीत असल्याशिवाय कुणी गड्याची उंची बघून बोलावतो का?" म्हातारी म्हणाली. "मी तर म्हणते, त्याला आणखी उंच मिळाला असता तर आणखी उंच आणला असता."

म्हातारा भिंतीकडे तोंड करून आडवा झाला होता. "खणू," एवढेच तो म्हणाला.

तीन दिवस त्यांनी खणले. पहाटे आधी रात्रभर झिरपलेले पाणी उपसायचे, मग दगडाला हात घालायचा. खाली काळा पाषाण होता. पहार लागली की ठिणगी पडे आणि निघे ते बोटाएवढे ढलपे. दुसऱ्या दिवशी मुलाचे मनगट सुजले. त्याने फडके गुंडाळले आणि पहार डाव्या हाताने धरली. तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्याचा घण प्रथमच चुकला. पहारीच्या डोक्यावरून निसटून तो मुलाच्या बोटाला ओझरता लागला. नख काळेनिळे झाले. म्हाताऱ्याने घण ठेवून दिला आणि त्याकडे पाहत बसला, जणू घणानेच चूक केली होती. तीन दिवसांत विहीर पंधरा सेंटीमीटर खाली गेली.

चौथ्या दिवशी सकाळी पंपवाला आला. हातगाडीवर पाइपांचे तुकडे, खांद्यावर पिशवी, आणि तोंडात गाणे. गावातले सगळे पंप तोच बसवी.

"झाली का पुरी?" त्याने काठावरून डोकावले. "अजून घण ऐकू येतोय म्हणून विचारतो. मला वाटलं साडेतेरा कधीच झाले असतील."

सुनेचे हात रहाटाच्या दांड्यावरच थांबले. "साडेतेरा काय?"

"मीटर. विहीर साडेतेरा मीटर. मालकांनी तेवढंच सांगितलंय. पाइपाचं तोंड तळाच्या वर अर्धा मीटर ठेवायचं, म्हणून मी तेरा मीटर पाइप आणलाय."

"कधी सांगितलं?"

"दोन महिने झाले. वीजजोडणीच्या अर्जातही तेच आहे, त्याची प्रत माझ्याकडे असते." त्याने पिशवीतून घडी केलेला कागद काढला. सुनेने तो हातात घेतला. एका ओळीत लिहिले होते: विहिरीची नियोजित खोली तेरा मीटर पन्नास सेंटीमीटर. त्यापुढे कंसात: सहा पुरुष. खाली मळेवाल्याची सही होती, ठसठशीत, ओढून काढलेली.

म्हातारी म्हणाली, "काय लिहिलंय गं?"

सुनेने वाचून दाखवले. मग ती रहाटाच्या खांबाला धरून काठावर बसली. "कार्यालयात जाताना सहा पुरुष म्हणजे साडेतेरा मीटर. आणि आपल्या पुढ्यात सहा पुरुष म्हणजे ताडमाड. ज्या विहिरीला तेरा मीटर पाइप मागवला ती पंधरा मीटर खणून घ्यायची त्याची इच्छाच नाही. त्याला नुसता महिना संपायला हवाय."

पंपवाल्याचा चेहरा उतरला. "हे बघा ताई, मला यात ओढू नका. माझी निम्मी गिऱ्हाइकं त्याच्या ओळखीची आहेत."

"ओढत नाही. तुमच्याकडे लांब टेप आहे का?"

त्याने मळ्याच्या वाटेकडे एकदा पाहिले. मग त्याने पिशवीतून तीस मीटरचा पोलादी टेप काढला, रहाटाच्या चौथऱ्यावर ठेवला आणि हातगाडी वळवली. "मी हा इथं विसरलोय," तो जाता जाता म्हणाला. "पाच-सहा दिवसांनी आठवेल. माझं डोकं हल्ली असंच झालंय."

त्या संध्याकाळी त्या घरात आवाज चढला. सून उभी राहून बोलत होती आणि तिला कोणी बसवू शकले नाही.

"तुमचं अंग खरं आहे, मामंजी. पण ते तुमचं आहे. तुम्ही वाकलात की तो माप बदललं म्हणतो, आणि दुसऱ्याचं अंग आणून उभं करतो. ज्याच्या दारात उंच गडी त्याचं माप मोठं. हे असंच चालायचं का? मीटर कुणाच्या टाचेपासून सुरू होत नाही. तो मालकाच्या मळ्यात जेवढा, तेवढाच आपल्या पट्टीत. म्हातारपण येत नाही त्याला, आणि त्याला कुणी 'निम्मा उरलास' म्हणत नाही."

"भाजी करपतेय," म्हातारी हळूच म्हणाली.

"करपू दे."

म्हातारा ऐकत होता. शेवटी त्याने विचारले, "आपली विहीर त्या टेपनं किती भरली?"

"पुरी केली म्हणालात त्या दिवशी तेरा बावन्न. आता तेरा सदुसष्ट."

"आणि कार्यालयातला पुरुष किती?"

"साडेतेराला सहानं भागलं की सव्वादोन मीटर."

म्हातारा उठला. दाराच्या चौकटीवर लग्नाच्या वर्षी त्याने कौतुकाने मारून घेतलेली एक खाच होती. हात ताणून तिथवर पोहोचतो, हे त्याने तेव्हा नव्या नवरीला दाखवले होते. सुनेने फीत लावली. दोन मीटर पंचवीस.

"म्हणजे डोळ्यानं मी जुनाच हात मोजला," तो म्हणाला. "वाकलो तरी विहीर कमी नाही खणली."

"दोन सेंटीमीटर जास्तच खणली," सून म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता.

तो पुन्हा बसला नाही. चौकटीला धरून उभ्या उभ्याच म्हणाला, "उद्या मला आकडे लिहून दे. एक ते तेरा."

दुसऱ्या दिवसापासून घण बंद झाला आणि छिन्नीचा बारीक आवाज सुरू झाला. सुनेने टेपच्या टोकाला दगड बांधून तो काठावरून सोडला. म्हाताऱ्याने पहिला प्रश्न विचारला तो हा: "शून्य कुठं धरायचं?"

"काठाच्या या दगडाच्या वरच्या कडेला. हा दगड आता कुणी हलवायचा नाही."

फळीला दोर बांधून तिचे बसणे केले. मुलगा आणि म्हातारी रहाट धरून राहिली, म्हातारा फळीवर बसून लोंबकळत खाली गेला. दर मीटरला त्याने भिंतीत आडवी, हातभर लांब खाच कोरली आणि तिच्यावर आकडा. आकडा त्याला वाचता येत नव्हता. सून काठावरून पाटीवर तो मोठा लिहून दाखवी आणि तो रेषेमागून रेष बघून दगडात उतरवी. पाच त्याला सर्वांत अवघड गेला. आठ एका बैठकीत झाला. दोन आकड्यांच्या मधल्या जागेत दर दहा सेंटीमीटरला छोटी खाच. सुजलेल्या मनगटाच्या मुलाने बापाला आता वर यायला सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "तुझी घाई कसली? यात घण नाही, चुकलं तरी बोट जात नाही."

आकडे वरून दिसावेत म्हणून खाचांत चुना भरला. तिसऱ्या दिवशी लोहार छिन्न्या घेऊन आला आणि काठावर पोटावर पडून खाली बघत राहिला.

"नऊवर पाणी झिरपतंय," तो म्हणाला. "इथनं बसून कळतंय. नऊ-वीसच्या जवळ." मग त्याने मान फिरवून सुनेकडे पाहिले. "माझी विहीर किती आहे गं?"

"मोजल्याशिवाय कसं सांगू?"

"साडेपाच पुरुष म्हणतात."

"कुणाचे?"

लोहार उठून बसला. कपड्यांवरची माती झटकताना तो पुटपुटला, "तेच तर. कुणाचे?"

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मळेवाला आला. सोबत ताडमाड होता, तिन्ही साक्षीदार होते, आणि लोहाराच्या तोंडून ऐकून आलेली आणखी सात-आठ माणसे होती. पंपवालाही आला होता. तो म्हणे टेप शोधत होता.

मळेवाल्याने खाली पाहिले. पांढरे आकडे एकाखाली एक, थेट काळोखापर्यंत उतरले होते. "हे काय चित्र काढलंय?"

"खोली आहे," सून म्हणाली. "तेरापर्यंत आकडे, खाली सदुसष्ट सेंटीमीटर. अर्जात तुम्ही साडेतेरा लिहिलंय. सतरा सेंटीमीटर जास्त आहे, ती ठेवा."

"अर्ज कारकुनानं भरला. मला ते मीटर-बिटर कळत नाही. करार पुरुषात झालाय."

"सही कारकुनाची आहे का?" लोहाराने विचारले.

मळेवाल्याने त्याच्याकडे पाहिले नाही. "ताण रे दोर. सहा गाठी मार."

ताडमाड खोडाशी गेला. कोणी काही बोलायच्या आत म्हातारा पुढे आला. तो हातात काही न घेता आला होता. ताडमाडच्या समोर उभे राहून त्याला मान वर करावी लागली.

"मी तुझ्या वयाचा असताना," तो म्हणाला, "या मालकांच्या वडिलांनी मला असंच बोलावलं होतं. दुसऱ्या एकानं खणलेली विहीर होती. ते म्हणाले, ताण हात. मी ताणला. तो खणणारा मला म्हणाला, दादा, टाच टेकव. मी टेकवली नाही. मला वाटलं, माझा हात म्हणजे केवढी मोठी गोष्ट. त्यानं पुढं महिनाभर खणलं. त्याला काही मिळालं नाही. तो हे गाव सोडून गेला." तो श्वास घ्यायला थांबला. "हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. तुला सांगतोय."

ताडमाडने दोराकडे पाहिले, मग आपल्या पायांकडे. "त्या दिवशी माझ्या टाचा उचललेल्या होत्या," तो म्हणाला. "मालकांनी दोर सारला तेव्हा. ते म्हणाले, राहू दे."

"तू गप," मळेवाला म्हणाला.

"मी खोटं नाही बोलत, मालक. ताणला की उचलतात."

साक्षीदारांपैकी एक मळेकरी होता, एरवी शब्दाला महाग. तो म्हणाला, "माझ्या विहिरीच्या वेळी तुम्हीच मोजायला माणूस पाठवला होता. त्याच्या टाचा टेकलेल्या होत्या का?" दुसऱ्याने विचारले, "आणि माझ्या?" मग चारी बाजूंनी तोच प्रश्न येऊ लागला. कोणी ओरडले नाही. प्रत्येकजण आपापली विहीर आठवून विचारत होता. पंपवाल्याने खिशातून अर्जाची प्रत काढून ती लोहाराकडे दिली. लोहाराने ती पुढच्याकडे दिली. कागद हातोहात फिरत मळेवाल्यापर्यंत पोहोचला तेव्हा त्यावर दोन-तीन काळे अंगठे उमटले होते.

मळेवाल्याने कागदाची घडी घातली. "ठीक आहे," तो म्हणाला. "बुधवार तुमचा. माझी ना नाही, कधीच नव्हती. पण हे आकडे घासून टाका. विहिरीला असं नंबर घालणं बरं दिसत नाही. उद्या प्रत्येकजण वाकून बघणार, किती उपसलं, किती राहिलं."

मुलाने सुनेकडे पाहिले. म्हातारीने म्हाताऱ्याकडे. बुधवार मिळत होता. तीन महिने ज्याच्यासाठी पाठी मोडल्या तो बुधवार, या घटकेला, चार माणसांसमोर. आकडे घासायला अर्धा दिवस पुरला असता.

"बुधवार तुम्ही देत नाही, मालक," म्हातारा म्हणाला. "तो करारात होता, आणि करार आम्ही पाळला. त्यामुळं त्याच्या बदल्यात काही घासायचं नाही. चाळीस वर्षं लोकांनी मोजायला मला उभं केलं. आता माझ्या जागी ते आकडे उभे राहतील. मालक आला तरी तेच, गडी आला तरी तेच."

"माझ्या जागेत आहे विहीर."

"जागा तुमची. खोली साडेतेरा. ती तुमच्या सहीनं आहे."

मळेवाला जायला वळला, पण गर्दीने वाट सोडायला जरा वेळ लावला. कोणी अडवले नव्हते. प्रत्येकाला काठावर जाऊन आधी खाली बघायचे होते, एवढेच.

म्हातारा फळीपाशी गेला. "तेराच्या खालची अर्धी खूण राहिलीय," तो मुलाला म्हणाला. "सोड मला."

"बाबा, मी जातो. पाणी झिरपून घोट्यापर्यंत आलंय."

"तुझं मनगट बरं होऊ दे."

रहाट कुरकुरला. पहिल्या फेऱ्याला मुलगा आणि म्हातारी होती. दुसऱ्या फेऱ्याला ताडमाडने न विचारता एक दांडा धरला. म्हातारा एक, दोन, तीन अशा आपल्या आकड्यांवरून उतरत खाली गेला, आणि थोड्या वेळाने तळातून छिन्नीचा आवाज येऊ लागला. मळेवाला वाटेवर दहा-बारा पावलांवर थांबला होता. तो गेलाही नाही आणि परतलाही नाही.

आवाज थांबला. खाली चुन्याची बोटे दगडावर फिरली असावीत.

"वरून दिसतं का?" म्हाताऱ्याने विचारले.

सून काठावर गुडघे टेकून वाकली. तिच्या दोन्ही बाजूंना लोहार आणि शब्दाला महाग असलेला तो मळेकरी वाकला.

"दिसतं," तिघेही म्हणाले.